रविवारी मत द्या, आणि या वेळी बदलासाठी द्या

खेडजवळच्या लोटे एमआयडीसीतल्या आमच्या कंपनीच्या युनियनची निवडणूक येत्या रविवारी आहे. कंपनीचं नाव घेत नाही, ज्यांच्यासाठी लिहितोय त्यांना कळेल. मी स्वतः कुठल्याच पदाला उभा नाही. आधीच सांगितलं, म्हणजे 'याला यातून काय मिळणार' ही चर्चा कँटीनमध्ये नको.

आमच्या जनरल सेक्रेटरींना मी आजही दादाच म्हणतो. पर्मनंटची पहिली बॅच त्यांनी भांडून करून घेतली. तेव्हा गेटवर उभं राहायलाही छाती लागायची. पण मागचा करार कधीच संपला आणि नव्या मागणीपत्रकात काय मागितलंय ते प्लँटमधल्या कुणीच पाहिलेलं नाही. विचारलं की एकच उत्तर, "वरती बोलणी चालू आहेत." वार्षिक सभेत हिशोब वाचायला घेतला की मागून 'मंजूर, मंजूर' सुरू, आणि मग वडापाव. वर्गणी मात्र दर महिन्याला पगारातून न चुकता कापली जाते. हिशोबाच्या वह्या बघायचा सभासदाचा हक्क १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्यातच लिहिलेला होता. आमच्याकडे वही मागितली की "विश्वास नाही का?" असं ऐकावं लागतं.

युनियनची गावकी झालीय. पालखीला पहिला खांदा कुणाचा, नारळ कुणाचा, सगळे मान ठरलेले. शिमग्यात ते शोभतं, पगाराच्या बोलणीत नाही.

खेड, दापोली, मंडणगड, गुहागर, आपल्याकडे मुंबईच्या कापड गिरणीतून परत आलेला म्हातारा नाही अशी वाडी शोधावी लागेल. १८ जानेवारी १९८२ ला कामगार नेते दत्ता सामंतांच्या मागे सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, हे सगळेच सांगतात. त्यामागचं एक कारण कमी जण सांगतात. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने कापड गिरण्यांत कामगारांच्या वतीने बोलायचा हक्क राष्ट्रीय मिल मजदूर संघ या एकट्या युनियनला होता. कामगारांना तो नकोसा झाला तरी गुप्त मतदान घेऊन बदलायची सोय नव्हती. हा कायदाच रद्द करा, ही संपाची एक मागणी होती. ती तशीच राहिली. संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, आणि माणसं ट्रंका उचलून गावी आली. जी मतपेटी त्यांना मिळाली नाही ती आपल्या गेटवर येतेय, आणि आपण रविवारी गावी लग्नाला जाणार!

अजून एक. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी औद्योगिक संबंध संहिता लागू झालीय. एकापेक्षा जास्त युनियन असतील तर हजेरीपटावरचे ५१ टक्के कामगार ज्या युनियनकडे, तीच एकटी बोलणी करणार. आमच्याकडे पर्मनंट रिटायर होतोय आणि त्याच्या जागी कंत्राटी येतोय. त्या पोरांना सभासद करून घ्यायला जुनी कमिटी तयार नाही. त्यांच्यासमोर उभं राहिलेलं नवं पॅनेल निदान तसं लिहून देतंय. नवे आहेत, चुकतील. पण त्यांना पुढच्या वेळी पाडता येईल.

'उद्या कंपनीची चार्जशीट आली तर आपल्यासाठी कोण उभं राहणार?' ही भीती मला खरी वाटते, हसण्यावारी नेत नाही. म्हणूनच मतदान गुप्त आहे. पार्टी कुणाकडेही झोडा, मटण काही मत विचारत नाही.

थर्ड शिफ्टवाल्यांनो, सुटल्यावर लगेच परशुराम घाट उतरू नका. आयकार्ड खिशात ठेवा, आधी मत टाका, मग खुशाल झोपा.