सजेशन बॉक्स रिकामा का राहतो

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्यातल्या पुष्कळ कारखान्यांत टाइम ऑफिसच्या भिंतीवर एक पेटी टांगलेली असते. 'आपल्या सूचनांचे स्वागत आहे' असं वर लिहिलेलं, किल्ली एचआरकडे, आणि आत कँटीनच्या पातळ वरणाबद्दलच्या दोन-चार चिठ्ठ्या. मग प्लांट हेड मीटिंगमध्ये म्हणतो, "आपल्या पोरांना नवीन काही सुचतच नाही." हे मला अजिबात मान्य नाही. ज्या पोराच्या घरी कोरडवाहू चार एकर आहे, तो सायकलच्या जुन्या ट्यूबनं ठिबकची गळती बांधतो, दुकान दूर असलं की पंपाचा वॉशर चपलेच्या रबराचा कापतो. त्याला सुचतं. आठ तासांच्या शिफ्टमध्ये मात्र तो गप्प राहतो. विचारलंच तर म्हणतो, "कामून सांगायचं साहेब? सांगितलं की आपल्याच अंगावर येतं."

या गप्प बसण्यावर आपल्याकडे दोन उपाय चालतात. एक ही पेटी. दुसरा, वर्षातून एकदा कुणा महाराजांचं किंवा प्रेरणादायी वक्त्याचं व्याख्यान आणि सकाळी दहा मिनिटं प्राणायाम. प्राणायाम चांगलाच आहे, पण त्याला कामाच्या जागेचं अध्यात्म (इंग्रजीत 'वर्कप्लेस स्पिरिच्युअॅलिटी') म्हणणं चूक आहे. या विषयाचा अभ्यास करणाऱ्यांनी त्याचा अर्थ फार साधा लावलाय. जॉन मिलिमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली तीन गोष्टी मोजल्या: आपल्या कामाला अर्थ आहे असं वाटणं, सोबतच्या माणसांशी आपलेपणा असणं, आणि संस्थेची मूल्यं मनाला पटणं. पूजाअर्चेचा त्यात काही संबंध नाही.

आता हे तिन्ही आपल्या शॉपवर, म्हणजे मशिनं चालतात त्या कामाच्या जागी, कसं दिसतं ते बघा. अर्थाची गोष्ट सगळ्यात सोपी आणि सगळ्यात दुर्लक्षित. सीएनसीवर (संगणकानं चालणाऱ्या मशिनवर) दिवसाला पावणेतीनशे नग काढणाऱ्या ऑपरेटरला पुष्कळदा माहीतच नसतं की आपला पार्ट गाडीत कुठं बसतो. ड्रॉइंगवर नंबर असतो, नाव नसतं. ग्राहकाकडून एक पूर्ण असेंब्ली मागून घ्या, ती कापा, आपला पार्ट लाल रंगवा आणि लाइनच्या तोंडाशी टेबलावर ठेवा. बोअर (पार्टमधलं भोक) मोठा झाला तर पुढं काय होतं, तेल कुठून गळतं, ब्रेक का धरत नाही, हे महिन्यातून एकदा वीस मिनिटं उभ्या-उभ्या दाखवा. परत आलेला नग हातात द्या, पण तो कुणाच्या शिफ्टचा होता हे त्या वेळी विचारू नका. ते विचारलं की त्या वीस मिनिटांची चौकशी होते आणि माणसं जमिनीकडे बघायला लागतात.

आपलेपणाचं खरं मोजमाप रजेच्या अर्जात होतं. आषाढीला पैठणच्या नाथांच्या पालखीबरोबर जाणारा, १४ जानेवारीला नामविस्तार दिनी विद्यापीठ गेटवर जाणारा, रमजानमध्ये इफ्तारच्या वेळेला दहा मिनिटं मागणारा, जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये काम करून छठला गावी बिहारला निघालेला. ही सगळी माणसं एकाच मस्टरवर असतात. एकाच्या श्रद्धेचा कार्यक्रम सगळ्यांना सक्तीचा केला की उरलेले मनानं बाहेर पडतात. शिफ्ट बदलून देण्याचं वेळापत्रक वर्षाच्या सुरुवातीलाच, सगळ्यांच्या सणांसकट, नोटीस बोर्डावर लावणं यात मला जास्त अध्यात्म दिसतं.

मूल्यांबद्दल थोडक्यात: भिंतीवर 'सेफ्टी फर्स्ट' आणि महिन्याच्या २९ तारखेला डिस्पॅच अडला म्हणून प्रेसचा गार्ड (हात वाचवणारी जाळी) काढून काम. एवढं एकदा दिसलं तरी पुरे. त्यानंतर कंपनीच्या कुठल्याच शब्दावर कुणी विश्वास टाकत नाही.

पण एवढं सगळं नीट जमलं तरी कल्पना बाहेर येईलच असं नाही. त्यानं फक्त सांगावंसं वाटतं. सांगायची हिंमत आणि सांगितलेलं उभं करायची सोय दुसरीकडून यावी लागते. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट आयझेनबर्गर आणि सहकाऱ्यांनी १९८६ साली हे मांडलं की माणूस मनात एक हिशेब ठेवत असतो: ही संस्था माझ्या कामाची किंमत करते का, माझं बरंवाईट तिला दिसतं का. तो हिशेब जमेत असेल तर माणूस नेमून दिलेल्या कामाच्या पुढं एक पाऊल टाकतो.

तेरच्या गोरोबाकाकांची गोष्ट आपल्या भागात लहान लेकरालाही माहीत असते. संत जमले होते, मुक्ताबाईंनी विचारलं, यातलं कोणतं मडकं पक्कं आणि कोणतं कच्चं? गोरोबांनी थापटणं (कुंभाराचं मडकं ठोकायचं लाकडी साधन) घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारून पाहिलं आणि नामदेव कच्चे ठरले. आपण गोष्ट इथंच थांबवतो. खरी गोष्ट पुढं आहे. नामदेवांना कुणी टाकून दिलं नाही. ते औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडे गेले आणि पक्के होऊन आले. कारखान्यात थापटणं हातात घेतलेले साहेब भरपूर आहेत. विसोबा नेमलेला नसतो.

एक साधं उदाहरण घेऊ. फिक्स्चर म्हणजे मशिनवर नग पकडून ठेवणारा साचा. त्याच्या लोकेटिंग फेसवर, म्हणजे नग टेकतो त्या पृष्ठावर, बर्र (धातूची उरलेली कड) किंवा चिप (कापलेला बारीक तुकडा) बसते, नग एक केसभर वर राहतो, माप बाहेर जातं आणि रिजेक्शन येतं. ऑपरेटर म्हणतो, फेसला बारीक भोक पाडून खालून हवा सोडू, चिप उडून जाईल. कल्पना उत्तम, पण कच्ची. हवा जास्त दाबानं सोडली तर चिप डोळ्यात जाईल, म्हणून रेग्युलेटर लावून दाब २ बारच्या आसपास ठेवायचा, गार्ड आणि चष्मा सक्तीचा. हवेत पाणी असेल तर फेसला गंज चढेल, म्हणून लाइनमध्ये फिल्टर हवा. भोक नगाच्या टेकण्याच्या जागेवर आलं तर बसणच बिघडेल. आणि ऑटोचा पार्ट असेल तर फिक्स्चरमधला बदल फोर-एम चेंजच्या (माणूस, मशिन, माल, पद्धत यांतल्या बदलांच्या) नोंदीत जातो, पहिले नग पूर्ण मोजावे लागतात, गरज पडली तर ग्राहकाची मंजुरी घ्यावी लागते. हे सगळं त्या ऑपरेटरला माहीत असण्याचं कारण नाही. त्याच्यासोबत टूलरूमचा एक आणि क्वालिटीचा एक माणूस नावानिशी जोडून द्यायचा, तोच त्याचा विसोबा.

हे न करता काय होतं? सुपरवायझर रात्रपाळीत ग्राइंडरनं उरकून टाकतो, नोंद होत नाही, चौथ्या दिवशी लॉट अडकतो आणि मेमो ऑपरेटरला जातो. त्या एका मेमोनं पुढची दोन वर्षं पूर्ण शॉप गप्प बसतो.

म्हणून मुदती लिहून ठेवा. सूचना आल्यापासून दोन दिवसांत तोंडी उत्तर, पंधरा दिवसांत हो किंवा नाही, नाही असेल तर कारण त्याच माणसाला समोरासमोर, महिन्याभरात ट्रायल. सुपरवायझरला दोन हजार रुपयांपर्यंत कुणाला न विचारता खर्च करू द्या. पाचशे रुपयांच्या कपलिंगसाठी तीन सह्या लागल्या तर कल्पना स्टोअरच्या खिडकीतच मरते. आणि वेळ द्या. पंचवीस जणांच्या लाइनला आठवड्याला अर्धा-अर्धा तास म्हणजे साडेबारा तास. प्रत्येकी ४८ धरले तर आठवड्याचे एकूण तास बाराशे. एक टक्का. एवढा वेळ 'परवडत नाही' म्हणणाऱ्यांनी आपला रिवर्कचा (बिघडलेले नग दुरुस्त करण्याचा) वेळ एकदा मोजून बघावा.

आता सगळ्यात मोठी चूक, जी अगदी चांगल्या हेतूच्या कंपन्याही करतात. समजा सायकल टाइम, म्हणजे एक नग काढायला लागणारा वेळ, ९० सेकंदांचा होता. जेवण आणि चहा वजा जाता शिफ्टचे सात तास, म्हणजे २८० नग. कामगाराच्या कल्पनेनं वेळ ८० सेकंदांवर आला. पुढच्या सोमवारी टार्गेट ३१५. नग दोन किलोचा असेल तर त्याच पगारात त्या माणसानं रोज सत्तर किलो जास्त उचललं, आणि तेही चढवताना एकदा, उतरवताना पुन्हा. त्याच्या हुशारीचं बक्षीस म्हणजे त्याचीच कंबर. शेजारच्या मशिनवरचे त्याच्याशी बोलणं सोडतात ते वेगळंच. इथं योग, व्याख्यान, बक्षीस समारंभ काहीच कामाला येत नाही. टार्गेट किमान सहा महिने २८० वरच ठेवा, हे युनियन किंवा वर्क्स कमिटीसमोर लिहून द्या. रोज वाचलेला पाऊण तास मोजमाप, सफाई आणि दुसरं मशिन शिकण्यात जाऊ द्या. नंतर टार्गेट वाढवायचंच तर इन्सेन्टिव्हसकट वाढवा.

बक्षिसाचंही तसंच. बचतीच्या टक्केवारीवर पैसे दिले की हिशेबावरून भांडणं होतात आणि लोक मोठी कल्पना लपवून छोटी सांगायला लागतात. अमलात आलेल्या प्रत्येक सूचनेला सारखीच छोटी रक्कम आणि त्या फिक्स्चरवर त्याच्या नावाची पाटी, हे मला जास्त टिकाऊ वाटतं. प्रेझेंटेशन मॅनेजर करतो आणि फोटोत कामगार मागच्या रांगेत, हा प्रकार मात्र बंदच झाला पाहिजे. कंत्राटी कामगाराची सूचना घ्यायची पण बक्षीस फक्त कायमच्यांना, हाही. लाइनवर निम्म्याहून जास्त हात कंत्राटी असतील तर निम्म्याहून जास्त कल्पनाही त्यांच्याकडेच आहेत.

सुरुवातीच्या दोन-तीन महिन्यांत चुकांची नोंद वाढलेली दिसेल. घाबरू नका. अमेरिकन संशोधक एमी एडमंडसन यांना हॉस्पिटलच्या अभ्यासात हेच दिसलं होतं की चांगल्या टीममध्ये औषधांच्या चुका जास्त नोंदवल्या जात होत्या, कारण तिथं माणसं चूक लपवत नव्हती. या टप्प्यावर घाईनं कुणावर कारवाई झाली की सगळं मुसळ केरात.

खंडेनवमीला आपल्याकडे मशिन धुऊन-पुसून हळद-कुंकू वाहतात, झेंडूचा हार घालतात. त्या दिवशी मशिन तसंही बंद असतं. यंदा पूजेच्या आधी चाळीस मिनिटं काढा. प्रत्येक ऑपरेटरला खडू द्या, जिथं तेल गळतं, जिथं हात अडकतो, जिथं वाकावं लागतं तिथं त्यानं स्वतः खूण करायची. ज्याची श्रद्धा वेगळी त्यानं हार घालू नये, खडू मात्र त्याच्याही हातात हवाच. पूजा झाली की मेंटेनन्सनं वही घेऊन फिरायचं आणि प्रत्येक खुणेसमोर तारीख लिहायची. दिवाळीच्या सुट्टीआधी किती खुणा पुसल्या, हे त्याच टाइम ऑफिसच्या भिंतीवर, पेटीच्या जागी लावा.