बोटीच्या इंजिनाचं बीड (कास्ट आयर्न) काही वेगळं नसतं

"बोटीचं इंजिन खाऱ्या पाण्यासाठीच बनवलेलं, म्हणून ब्लॉक गंजत नाही. वर तास कमी चाललेले. गाडीत सरळ बसवा आणि निर्धास्त व्हा." असा मेसेज सगळीकडे फिरतोय.

आधी गंजाचं. पेट्रोलवरची बहुतेक इनबोर्ड (बोटीच्या आत बसवलेली) इंजिनं मुळात गाड्यांचीच. शेवरोलेचं ५.७ लिटरचं व्ही-८ ट्रकमध्येही होतं आणि मर्क्रूझर नावाने बोटीतही. ब्लॉक, म्हणजे इंजिनाचं मुख्य ओतीव अंग, त्याच साध्या बिडाचा. बोटीसाठी बदलतात ते पितळी कोअर प्लग (ब्लॉकमधली भोकं बुजवणाऱ्या चकत्या), हेड गॅसकेट, कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा), ठिणगी बाहेर पडू न देणारे स्टार्टर आणि अल्टरनेटर.

उलट गंजाची भीती बोटीतच जास्त! कित्येक बोटींत समुद्राचं पाणी थेट ब्लॉकमधूनच फिरतं. क्षार धरू नयेत म्हणून थर्मोस्टॅटही साधारण ६० अंशांचा लावतात. अशी काही वर्षं काढलेल्या वॉटर जॅकेटची (सिलिंडरभोवतीच्या पाण्याच्या पोकळीची) भिंत आतून किती उरलीय, हे बाहेरच्या ताज्या रंगावरून कळत नाही. रीबोर करायचं (सिलिंडर आतून कापून मोठा करायचा) असेल तर अल्ट्रासॉनिक मापकाने जाडी मोजून घ्याच. ब्लॉकच्या डेकवर (हेड बसतं त्या सपाट पृष्ठभागावर) पाण्याच्या भोकांभोवती खड्डे आहेत का बघा, प्रेशर टेस्ट करा. कडाक्याच्या थंडीत पाणी न काढता ठेवलेल्या इंजिनाला तडा गेलेला असू शकतो. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं. ब्लॉकमधून फक्त कूलंटच फिरलेलं असेल, तर मात्र ही धास्ती बरीच कमी.

"फक्त ५०० तास" ऐकून हुरळू नका. सपाट रस्त्यावर गाडी एकदा वेगात आली की इंजिनाला फार ताकद लावावी लागत नाही. बोटीत प्रोपेलर पाणी कापत असतो तोवर भार हटतच नाही, म्हणजे न संपणारा चढच.

बोटीचा ब्लॉक जास्त मजबूत असं वाटत असेल, तर क्रँकला (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याला) धरून ठेवणाऱ्या चार बोल्टच्या मेन कॅप ट्रकच्या ब्लॉकलाही मिळतात.

आणि "सरळ बसतं" हे तर अर्धसत्यच. ब्लॉक बसेल; पण पाण्याने थंड होणारे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड काढावे लागतात, ऑइल पॅन बहुधा बदलावा लागतो, आणि कॅमही बदललेला बरा. जुन्या जुळ्या इंजिनांच्या बोटीतून घेत असाल तर एक प्रश्न नक्की विचारा: हे कुठल्या बाजूला फिरतं? त्यांतलं एक इंजिन बरेचदा उलटं फिरायचं. त्याचा क्रँक, कॅम आणि स्टार्टर तसेच ठेवून साध्या चार गिअरच्या गाडीत बसवलंत, तर चार रिव्हर्स आणि एकच फॉरवर्ड मिळेल.