जनरेटर पुन्हा ढिम्मच!

पहाटे साडेतीनला मोटरहोममधला फ्रिज केकाटायला लागला. बॅटरी ११.६ व्होल्टवर, ऑटोस्टार्टचं सेटिंग १२.० चं, म्हणजे त्याखाली बॅटरी उतरली की कंट्रोलरने जनरेटर आपोआप सुरू करायचा, आणि जनरेटर ढिम्म! हाताने बटण दाबलं की पहिल्याच झटक्यात सुरू. म्हणजे इंजिन ठणठणीत, खोट त्या कंट्रोलरच्या डोक्यात.

मागच्या खेपेला डिझेल पाव टाकीच्या खाली गेलं होतं. गाडीपुरतं डिझेल उरावं, ती अडकू नये म्हणून टाकीतली जनरेटरची नळी मुद्दाम आखूड ठेवतात, ते ठीक. पण दोन-चार वेळा क्रँक करून, म्हणजे इंजिन फिरवून बघून, हा कंट्रोलर जो लॉक होतो, तो टाकी भरल्यावरही हाताने रीसेट केल्याशिवाय सुटत नाही. त्याआधी अर्थिंगच्या वायरवर हिरवट बुरशीसारखा थर. गाडीखाली पालथं पडून सँडपेपरने घासला.

आणि आज? बॅटरी काढून जोडली तेव्हा घड्याळ शून्यावर गेलं, म्हणून ‘शांततेची वेळ’, म्हणजे जनरेटरने आपणहून सुरू व्हायचं नाही ती वेळ, भलत्याच तासांना लागू! स्क्रीनवर मात्र एकच शब्द: फॉल्ट. अरे, कसला ते तरी सांगा! कारण साठवलेलं असतं ना आत?

उलट बंद शेडमध्ये ऑटोस्टार्ट चालू राहिलं, तर हाच जनरेटर आपणहून सुरू होऊन कार्बन मोनॉक्साइड भरून टाकेल. तिथे मला खरंच भीती वाटते.