पांढरी वायर आणि खारा वारा

होडीसाठी ट्रेलर घेताना आपण गोंयकार सगळं बघतो. चेसिसवर बोटाने गंज खरवडतो, टायरला लाथ मारतो. दिव्यांची जोडणी मात्र ‘ते मेस्त बघील’ (मेस्त म्हणजे आपला मेकॅनिक) या खात्यात जाते. मग ऐन पावसात म्हापशात डावा इंडिकेटर दिला, की ट्रेलरचे सगळेच दिवे एकदम मिचकावू लागतात. त्यातून काय घ्यायचा तो बोध मागच्या स्कूटरवाल्याने घ्यावा.

घोळ खरेदीपासूनच सुरू होतो. ऑनलाइन स्वस्तात दिसतो तो चार पिनांचा चपटा कनेक्टर. तो अमेरिकी पद्धतीचा: तिथे ब्रेक आणि इंडिकेटर एकाच वायरवर, एकाच दिव्यात. आपल्या गाड्यांत इंडिकेटर वेगळा, ब्रेक वेगळा. मध्ये कन्व्हर्टर घातल्याशिवाय हे लग्न जुळत नाही. त्यापेक्षा बारा व्होल्टचा, सात पिनांचा गोल सॉकेट घ्यावा हे माझं ठाम मत.

त्याचा हिशोब असा: 1 पिवळी, डावा इंडिकेटर. 2 निळी, मागचा फॉगलॅम्प. 3 पांढरी, अर्थ (अर्थिंग), म्हणजे करंटची परतीची वाट. 4 हिरवी, उजवा इंडिकेटर. 5 तपकिरी, उजवा टेललॅम्प. 6 लाल, ब्रेक. 7 काळी, डावा टेललॅम्प आणि नंबरप्लेटचा दिवा.

सातव्यापाशी थांबा. काळी म्हणजे अर्थ, हे आपल्याकडच्या मेस्ताच्या हाडीमाशी भिनलेलं. तो काळी बिनधास्त बॉडीला बांधतो. डावा टेललॅम्प मौनव्रत घेतो, आणि उरलेली पांढरी त्याने टेललॅम्पच्या लाइनला दिली असेल तर फ्यूजही वैकुंठाला जातो. शिवाय हे रंग ट्रेलरच्या केबलचे. गाडीतल्या वायरींना ते ठाऊक नसतात, तिथे टेस्टलॅम्प, म्हणजे वीज आली की पेटणारा तपासदिवा, लावूनच शोधायचं. सॉकेटचं चित्रही समोरून वेगळं, मागून उलटं; चित्र सोडा, प्लास्टिकवर उठवलेले बारीक आकडे वाचा. चष्मा लागतो, लाज कसली?

नव्या गाडीत थेट टेललॅम्पची वायर सोलू नये. आतला कंट्रोल युनिट प्रत्येक बल्बचा करंट मोजत बसतो. जादा भार दिसला की डॅशबोर्डवर इशारे. बायपास रिले घ्या: दिव्यांच्या वायरींतून त्याला फक्त इशारा मिळतो, वीज फ्यूजमधून थेट बॅटरीची.

आता मूळ दुखणं. सगळे दिवे एकदम मिचकावले तर दहातले नऊ लोक बल्ब बदलतात. दोष पांढरीचा असतो. ट्रेलर अडकवायच्या हुकच्या लोखंडी गोळ्यातून अर्थ मिळेल या भरवशावर ती अर्धवट सोडलेली असते, आणि गोळ्यावर असतं ग्रीस आणि गंज. परतीची वाट बंद झाली, की इंडिकेटरचा करंट टेललॅम्पच्या फिलामेंटमधून वाट काढतो. म्हणून पांढरी वायर जाड, 2.5 चौरस मिलिमीटरची, प्लगपासून ट्रेलरच्या प्रत्येक दिव्यापर्यंत ओढा. बाकीच्यांना 1 पुरतो.

सांधे? दाबून लावायच्या चिमट्यांना किनाऱ्यावर थारा नाही. ते वायरीचं आवरण फोडतात, त्या भोकातून खारा वारा शिरतो आणि तांबं हिरवं पडतं. धातूची नळी दाबून वायरी जोडा, म्हणजे क्रिम्प करा, वर आतून गोंद असलेली हीटश्रिंक (तापवली की आवळणारी नळी) चढवा, पिनांना डायइलेक्ट्रिक, म्हणजे वीज न वाहू देणारं, ग्रीस लावा. इन्सुलेशन टेपवर भिस्त ठेवणाऱ्याने पावसाळ्यापूर्वी नवस बोलून घ्यावा. केबलला वळणापुरती ढील द्या. जास्त सोडलीत तर पहिल्याच गतिरोधकावर ती रस्ता घासू लागते.

तपासणीला एक माणूस मागे लागतोच. तो प्रत्येक प्रश्नाला ‘पेटता, पेटता’ म्हणतो. त्याला कुठला पेटतो ते विचारा, आणि ब्रेक, टेल, इंडिकेटर तिन्ही एकदम लावून पुन्हा विचारा. अर्थ कच्ची असेल तर ती तेव्हाच उघडी पडते.

होडी सोडायच्या रॅम्पवर मात्र ट्रेलर पाण्यात उतरण्याआधी प्लग काढायचा, आणि बल्ब निवेपर्यंत थांबायचं. तापलेली काच पाण्यात गेली की तडकते, आणि करंट चालू असताना खाऱ्या पाण्यात पिना झरझर झिजतात. मागून चार गाड्या हॉर्न वाजवतील. वाजवू देत.