वय ५१, माकड

माझ्या केसपेपरवर ‘वय ५१, माकड’ असं लिहिलेलं आहे. मधे स्वल्पविराम आहे, हेच त्यातल्या त्यात समाधान.

मनगट दुखावलं ते शोकेसच्या कोपऱ्यावर आपटून. चूक शोकेसची नाही, माझी. भाचा अमेरिकेहून येताना आपलं जुनं ‘वी’ (टीव्हीला जोडून, रिमोट हातात धरून व्हिडिओ गेम खेळायचं यंत्र) घेऊन आला आणि जाताना बॅगेत जागा नाही म्हणून आमच्याकडेच टाकून गेला. (येताना जागा कुठून आली होती, हे विचारायचं राहिलं.) त्यावर ‘डाँकी काँग कंट्री रिटर्न्स’ खेळताना हात जरा लांबवर गेला. इतकंच.

तर दवाखाना. काउंटरवर पंचविशीतला कंपाउंडर.

“काय होतंय काका?”

“मनगट दुखतंय.”

“कशानं?”

इथे ‘पडलो’ म्हणायचं असतं. पडलेल्या माणसाला कोणी पुढचं विचारत नाही. पण मला मेली खरं बोलायची खोड. म्हटलं, “ते एक माकड आहे ना...”

“माकड!” हा शब्द त्यानं शेवटच्या बाकापर्यंत पोचवला. आम्ही पडलो ठाण्याचे. येऊरच्या जंगलातून माकडं सोसायट्यांमध्ये येतात, गॅलरीतली केळी नेतात. त्यामुळे कोणालाच आश्चर्य वाटलं नाही, फक्त रस वाटला. “चावलं की ओरबाडलं?”

“काही नाही केलं. मी त्याला लोळायला लावत होतो.”

“पाळलंय?”

“भाच्याचं आहे.”

“पाळायला बंदी आहे काका.” त्यानं पेन खाली ठेवलं.

बाकावरच्या आजी सरसावल्या. माथेरानला त्यांच्या सुनेच्या हातातून माकडानं वेफर्सचं पाकीट ओढलं होतं, ते पाकीट कितीचं होतं, सून तेव्हा कोणाशी फोनवर बोलत होती, हे सगळं आलं. मग म्हणाल्या, “पोटात चौदा घ्यावी लागतात हो. बेंबीच्या भोवती.”

“आता दंडात देतात आजी,” कंपाउंडर म्हणाला.

“टीव्हीतलं माकड आहे ते!” मी ओरडलो. “आणि माकड नाही, गोरिला आहे!”

शांतता. मग त्यानं अगदी हळुवार आवाजात, वेड्याला विचारावं तसं विचारलं, “मग हाताला कसं लागलं?”

“रिमोट हलवताना.”

“रिमोट हलवायचा कशाला? बटण दाबायचं ना. सेल गेलेत का? आमचे बाबा पण सेल गेले की आपटतात.”

मला राग आला तो याचा, की या खेळाचं इतकं नेमकं परीक्षण मला स्वतःला करता आलं नव्हतं. बटण दाबायचं ना!

खेळ एरवी देखणा आहे हो. टेक्ससमधल्या ऑस्टिनच्या रेट्रो स्टुडिओजनी २०१० साली केलेला. गोरिलाला वजन आहे. तो जमिनीवर पडला की पडल्यासारखा वाटतो. एका लेव्हलमध्ये सगळे जण मावळतीच्या उजेडापुढे नुसत्या काळ्या आकृत्या होतात, फक्त त्याचा लाल टाय तेवढा लाल राहतो. पिंपातून तोफेसारखं उडायचं, खाणीतल्या गाडीत बसून तुटक्या रुळांवरून सुटायचं. तेव्हा मी बायकोच्या हाकेलासुद्धा ओ देत नाही.

पण गोरिलाला लोळवायचं तर रिमोट हलवा. जमीन बडवायची तर रिमोट हलवा. फुंकर मारायची तरी रिमोटच हलवा. चालताना हलवला तर लोळतो, उभ्यानं हलवला तर बडवतो, वाकून हलवला तर फुंकतो. आता दरीच्या काठावर उभं राहून मला बडवायचं असतं, अंगठा केसभर पुढे सरकलेला असतो आणि हा भला माणूस लोळत दरीत जातो. हलवण्याला माझी हरकत नाही. २००७ च्या ‘सुपर मारियो गॅलक्सी’तही रिमोट हलवायचा, पण तिथे हलवला की मारियो गिरकी घेतो, विषय संपला. २००४ च्या ‘जंगल बीट’मध्ये याच गोरिलाला दोन बोंगो (छोटे ढोल) बडवून पळवायचं होतं: उजवा वाजवला की उजवीकडे, डावा की डावीकडे, दोन्ही एकदम की उडी. येडचाप कल्पना, पण अख्खा खेळच तिच्यावर बेतलेला. इथे मात्र साधा बटणांचा खेळ, आणि त्यातलं एक बटण काढून माझ्या खांद्यात बसवलंय.

आठ वेळा मेलात की एक डुक्कर मदत देऊ करतं. हो म्हटलंत की एक पांढरा गोरिला येऊन तुमच्यादेखत अख्खी लेव्हल पार करून दाखवतो. मी नाही म्हणतो. पन्नाशीनंतर डुकराची मदत घेणं बरं दिसत नाही.

सगळ्यात झोंबलं ते पुढचं. २०१३ साली हाच खेळ थ्रीडीएसवर, म्हणजे हातात धरून खेळायच्या छोट्या यंत्रावर आला तेव्हा लोळण बटणावर आली. म्हणजे बटणावर आणता येत होती! तीन वर्षं लोकांनी हात हलवले, आणि मी तर तेरा वर्षं उशिरा, शोकेस मधे असताना.

डॉक्टर तसे सभ्य. फक्त म्हणाले, “कसं हलवत होतात ते दाखवा.” मी दाखवलं. दार उघडंच होतं. बाहेरून आजींचा आवाज आला, “अगंबाई, झटके पण येतात.”

क्रेप बँडेज, आठ दिवस आराम, मंगळवारी पुन्हा या. मंगळवारी गेलो. कंपाउंडरनं केसपेपर चाळला आणि हाक मारली, “माकडवाले कोण?”

दोघे उठलो. दुसरा सातवी-आठवीतला मुलगा होता, पोटरीला पट्टी, त्याला खरंच चावलं होतं. कंपाउंडरनं आम्हा दोघांकडे पाहिलं आणि मला म्हणाला, “काका, तुम्ही बसा. तुमचं टीव्हीतलं.”