‘बेरीज जुळते, मग कोडं कसलं?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. प्रतिक्रिया झणझणीत आहे, पण मुद्द्याची. तुमचं म्हणणं असं: प्रोटॉनात (अणुकेंद्रातल्या कणात) तीन क्वार्क, म्हणजे त्याचे घटक कण; प्रत्येकाचा स्पिन, म्हणजे अंगभूत गिरकी, अर्धा; दोन सुलटे, एक उलटा, बेरीज अर्धा. मग मी प्रोटॉनच्या स्पिनवरच्या लेखात ‘कोडं’ म्हणून उगाच हवा का भरली? शिवाय प्रोटॉन धडकवून फोडल्यावर त्याचा स्पिन मोजणार कसा? आणि शेवटी, कोल्हापूरकराला याचा उपयोग काय?

शाहूपुरीत गुळाच्या पेढीवर बसतो असं तुम्हीच लिहिलंय. मग एकूण रक्कम बरोबर आली तरी आतल्या नोंदी खोट्या असू शकतात, हे मी तुम्हाला काय सांगावं! एकूण स्पिन अर्धाच, त्यावर वाद नाही. पण युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेत प्रोटॉनांवर ध्रुवीकृत (स्पिन एकाच दिशेला लावलेल्या) म्यूऑनांचा, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या जड भावंडांचा, मारा करून क्वार्कांचा वाटा मोजला, तेव्हा १९८८ साली छापून आलेला आकडा पंधरा टक्क्यांच्याही आत होता. नंतरच्या मोजमापांनी तो तीसच्या आसपास नेला. बाकीचं ग्लुऑनांच्या (क्वार्कांना बांधून ठेवणाऱ्या कणांच्या) स्पिनमध्ये आणि या सगळ्यांच्या आतल्या फिरण्यात, म्हणजे कक्षीय गतीत, शोधायचं.

ग्लुऑनला विद्युतभार नाही, त्यामुळे म्यूऑनला तो थेट दिसत नाही. म्हणून अमेरिकेत ब्रुकहेवन प्रयोगशाळेच्या ‘रिक’ कोलायडरमध्ये (कण आदळवणाऱ्या यंत्रात) प्रोटॉनवर प्रोटॉन आदळवले. फुटलेल्या तुकड्यांचा स्पिन तिथं कुणी मोजत नव्हतं. स्पिनची दिशा टकरीआधीच ठरवलेली असायची, आणि ३.८ किलोमीटरच्या कड्यात कोट्यवधी फेऱ्या मारताना ती बिघडू नये म्हणून ‘सायबेरियन स्नेक’ नावाचे पिळदार चुंबक लावलेले होते. (नाव झकास आहे, कल्पना नोवोसिबिर्स्कच्या शास्त्रज्ञांची.) मग दोन्हीकडचे स्पिन जुळते असताना किती जेट (कणांचे झोत) निघाले आणि विरुद्ध असताना किती, एवढंच मोजायचं. फरक अगदी बारीक. एकाच धावेत प्रोटॉनांच्या एका पुंजक्याची दिशा सुलटी, दुसऱ्याची उलटी ठेवायचे, म्हणजे डिटेक्टरचा (मोजणाऱ्या यंत्राचा) स्वतःचा दोष दोन्हीकडे सारखाच लागायचा आणि वजाबाकीत निघून जायचा. मला या प्रयोगातली खरी हुशारी इथं दिसते. २००९ च्या टकरींमधून ग्लुऑनांचा वाटा शून्य नाही, धन आहे, असं दिसलं.

आता उपयोग. एमआरआयचा दाखला देऊन मोकळं होता आलं असतं. पण ते यंत्र प्रोटॉनच्या एकूण स्पिनवर चालतं. आत कुणाचा वाटा किती, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. राजारामपुरीत गुडघ्याचा स्कॅन काढाल तर तो या संशोधनामुळे तसूभरही स्वच्छ येणार नाही.