रूबी बघतेय

अमेरिकेतल्या साउथ डकोटा राज्यात ऑक्टोबरचा तिसरा शनिवार जवळ आला की माणसं कामातून उठतात. दातांचा डॉक्टर तारीख देत नाही, प्लंबर फोन उचलत नाही आणि ऑफिसात आम्ही दोन-चार देशी तेवढे उरतो. त्या शनिवारी फेझंटच्या शिकारीचा हंगाम उघडतो. नाताळला एखादा माणूस कामावर सापडेल, त्या दिवशी सापडणार नाही.

आईला हे फोनवर सांगितलं तर म्हणाली, "फेझंट म्हणजे काय रे? मोर?"

मोराच्याच कुळातला, एवढं मी मान्य केलं.

"आणि मारतात त्याला? आपल्याकडे बंदी आहे."

आहे खरी, १९७२च्या कायद्यापासून. इथे मात्र फेझंट हा १९४३ पासूनचा राज्यपक्षी आहे आणि राज्यपक्ष्याला भाजून खाणं हीच त्याला मानवंदना आहे. आईने विषय बदलून स्वेटर घालतोस की नाही ते विचारलं.

त्यातून हा राज्यपक्षी इथला नाहीच. मूळचा चीनचा. शांघायला अमेरिकेचे वाणिज्यदूत असलेल्या ओवेन डेनी या गृहस्थांनी १८८१-८२ साली तो बोटीतून ओरेगॉनला धाडला. आमच्या भागात, रेडफील्डजवळ, १९०८-०९च्या सुमारास सोडलेली पाखरं तगली आणि १९१९ साली इथल्या स्पिंक काउंटीत पहिला हंगाम झाला, तोही एका दिवसाचा. १९४५ मध्ये राज्यात फेझंट होते अंदाजे एक कोटी साठ लाख आणि माणसं सहा लाखांच्या आसपास. म्हणजे माणशी पंचवीसेक पाखरं. चीनहून आलेला उपरा इथे तगल्यापासून पस्तीसेक वर्षांत राज्यपक्षी होतो, ह्यूरन गावात १९५९ साली त्याचा अठ्ठावीस फुटी पुतळा उभा राहतो आणि माझं ग्रीन कार्ड ज्या रांगेत उभं आहे ती रांग पाहता पस्तीस वर्षांत काम उरकणं म्हणजे वशिलाच म्हणायचा. माझा पुतळा कोणी उभारू नये. कागद तेवढा पुढे सरकवावा.

असो. संकट आलं ते शेजाऱ्यामुळे.

आमच्या गावात अग्निशमन दल स्वयंसेवकांचं आहे. दिवसा जो ट्रॅक्टर दुरुस्त करतो तोच रात्री आग विझवतो. दलाला पाण्याचा नवा टँकर हवा होता, म्हणून त्यांनी स्पर्धा ठेवली. एका राखीव शिकार-शेतात फेझंटचे तीन नर, म्हणजे कोंबडे, लपवायचे. संघात एक बंदूकवाला, एक कुत्रं सांभाळणारा आणि एक कुत्रं. वेळ वीस मिनिटं, काडतुसं पाच. पाखरू पाडलं की गुण, कुत्र्याने ते आणून हातात दिलं की आणखी गुण, काडतुसं आणि मिनिटं उरली तर त्यांचेही गुण. शेजारी दरवर्षी बायकोबरोबर उतरतो. तो बंदूक, ती कुत्री. यंदा काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि काका टोपी हातात घेऊन आमच्या दारात उभे राहिले.

नाही म्हणायची सोय नव्हती. जानेवारीत आमच्या दारातला बर्फ तेच त्यांच्या मशीनने उपसतात. इथे उपकार बर्फात मोजतात.

बंदूक माझ्याकडे येण्याची भीती नव्हती. माझ्यासारख्या तात्पुरत्या व्हिसावाल्याने बंदुकीला हात लावायचा तर शिकारीचा परवाना खिशात लागतो आणि तो मी काढलेला नाही. सरकारचे एरवी माझ्यावर फारसे उपकार नाहीत, पण हा एक आहे. माझ्याकडे आली ती रूबी. जर्मन शॉर्टहेअर्ड पॉइंटर जातीची कुत्री. डोकं तपकिरी, अंगावर मिरपूड भुरभुरल्यासारखे ठिपके, आखूड शेपूट आणि चेहऱ्यावर मुख्याध्यापिकेची शांतता. पहिल्या भेटीत तिने माझे बूट हुंगले, पँट हुंगली आणि निकाल न सांगता निघून गेली.

स्पर्धेला भडक केशरी जाकीट आणि टोपी सक्तीची होती, म्हणजे गवतातून माणूस दिसावा आणि त्याला कोणी पाखरू समजू नये. तो फोटो मी कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला. आत्याने लगेच विचारलं, "कार्तिकीला निघालास का?"

सकाळी दलाच्या शेडमध्ये पॅनकेक आणि कॉफी. इथे तुमचं नाव कोणी विचारत नाही, कुत्र्याचं विचारतात. दहा मिनिटांत मी 'रूबीबरोबरचा' म्हणून ओळखला जाऊ लागलो. समोरच्या टेबलावर चर्चा चालली होती ती कुणाच्या कुत्र्याचं नाक चांगलं, कुणाच्या कुत्र्याच्या आजोबांनी काय पराक्रम केले होते, याची. आपल्याकडे स्थळ बघायला गेलं तर कुळाची एवढी चौकशी होत नाही. एका कोपऱ्यात सत्तरीच्या एक आजी त्यांच्या ब्रिटनी जातीच्या बुटक्या कुत्र्याला सॉसेज भरवत होत्या. कुणाशी बोलत नव्हत्या. हे लक्षण तेव्हाच ओळखायला हवं होतं.

शेत बघून मी चाटच पडलो. ज्वारी! कमरेच्या आत-बाहेर उंचीची, घट्ट लाल कणसांची, ठेंगू ज्वारी. तिच्या शेजारी उंच गवताचा पट्टा आणि पलीकडे पाणकणसांनी भरलेली दलदल. ज्वारी पाखरांसाठीच पेरलेली. कापायची नाही, मळायची नाही, थंडीत त्यांनी खावी म्हणून तशीच उभी ठेवायची. माझे आजोबा ज्वारीतल्या पाखरांना हाकलायला माळ्यावर उभे राहून गोफण फिरवायचे, घसा फुटेस्तोवर ओरडायचे. त्यांना हे शेत दाखवलं असतं तर त्यांनी मालकाला दवाखान्यात न्यायला सांगितलं असतं.

कोंबडे लपवायचं काम दोन पोरांकडे होतं. खुराड्यातून एकेक काढायचा, त्याची मान त्याच्याच पंखाखाली खोचायची आणि दोन्ही हातांत धरून हलके हलके झोके द्यायचे. पाखराला गुंगी येते. मग ते अलगद गवतात ठेवून पाय न वाजवता मागे यायचं. थोड्या वेळाने ज्याला गोळी घालायची त्याला आधी जोजवून झोपवण्याचा हा प्रकार मी तोंड उघडं टाकून बघत राहिलो. पोरं मात्र च्युइंगम चघळत होती.

आमची पाळी आली. मागे परीक्षक, हातात पॅड आणि घड्याळ. रूबीला सोडलं तशी ती वाऱ्याच्या तोंडाला डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे नागमोडी धावू लागली. वारा समोरून हवा, कारण वास वाऱ्यावरून येतो. साउथ डकोटात वाऱ्याची कमतरता नाही. तो कानात शिरून मेंदूतून पलीकडे निघत होता. माझं काम तिच्या मागे धापा टाकत राहायचं आणि अधूनमधून शिट्टी वाजवायची. शिट्टीकडे तिने शेवटपर्यंत लक्ष दिलं नाही.

आणि मग ती थांबली. चालता चालता नव्हे, धावता धावता, जणू कुणी बटण बंद केलं. पुढचा एक पाय हवेत अर्धा मुडपलेला, मान खाली, शेपूट ताठ. नाकाला गवताचं कुसळ चिकटलेलं, पण ते झटकायला तयार नाही. खालचा ओठ तेवढा थरथरत होता आणि त्याच्या टोकाला लाळेचा एक थेंब लोंबत होता, तोही पडेना. यालाच 'पॉइंट' म्हणतात. पाखरू तिथे आहे, आता पुढचं तुम्ही बघा, असा त्याचा अर्थ.

पुढचं मीच बघायचं होतं. तिच्या पुढे जाऊन गवताला लाथा मारायच्या. मी एक मारली, दुसरी मारली, काही नाही. तिसरी मारायला पाय उचलला आणि पायाखालची जमीनच उडाली. पंखांचा फडफडाट, कर्कश 'कुक-कुक-कुक', तांबूस सोनेरी अंग, गळ्याभोवती पांढरं कडं आणि हातभर लांब शेपटी. मी खाली बसलो. खाली बसायचंच असतं, असं नंतर कळलं. मी आपला गुडघ्यांतला जोर गेल्यामुळे बसलो होतो. वर दोन बार झाले. पाखरू शांतपणे पंख पसरून पलीकडच्या मक्याच्या शेतात उतरलं.

रूबी आधी आकाशाकडे बघत होती. काही पडलं नाही. मग तिने मान वळवून काकांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग पुन्हा काकांकडे, जरा जास्त वेळ. भुंकली असती तर परवडलं असतं.

"ऊन डोळ्यांवर आलं," काका म्हणाले. ऊन आमच्या पाठीवर होतं.

पुढचा पॉइंट ज्वारीच्या कडेला. तोच ताठरपणा, तोच थेंब. मी लाथ मारली आणि उठली ती भुऱ्या रंगाची मादी, रानातली, स्वतःच्या मर्जीने तिथे राहणारी. मागून परीक्षक "हेन!" म्हणून ओरडले. रानातली मादी मारायची नाही, हा राज्याचा कायदा. आमची मिनिटं गेली, गुण शून्य. वर्गणीतून आणलेली पाखरं कोणती आणि फुकटची कोणती, हे कुत्रीने कसं ओळखावं? तिने काम चोख केलं होतं. बक्षीस म्हणून मी पाठ थोपटायला गेलो तर ती बाजूला सरकली.

दुसरा कोंबडा निघाला, उरलेले तीनही बार त्याच्यावर खर्च झाले. पहिल्या बाराला चष्म्याची नवी काच नडली, दुसऱ्याला थंडीने आखडलेला खांदा, तिसऱ्याला स्वस्तातली काडतुसं. कोंबडा दलदलीच्या दिशेने गेला. रूबी खात्री करायला त्याच्या मागे पाणकणसांत शिरली आणि पोटापर्यंत काळ्या चिखलात माखून परत आली. या वेळी तिने कोणाकडेच बघितलं नाही. ते जास्त लागलं.

काडतुसं संपली, मिनिटं उरली, एक कोंबडा बाकी. नियमाप्रमाणे वेळ पुरा करायचा म्हणून आम्ही चालत राहिलो. रूबीने पुन्हा पॉइंट धरला. तिने आमच्याकडे एकदा वळून बघितलं. काकांच्या काखेत रिकामी बंदूक, माझ्या तोंडात शिट्टी. तिने बहुधा हिशेब केला. शिस्त, शिक्षण, घराणं सगळं बाजूला ठेवून तिने गवतात तोंड घातलं आणि झोपलेला कोंबडा उचलला. पोरांनी त्याला जरा जास्तच जोजवला असावा. मऊ जबड्यात धरून, एक पीस न दुखवता, तिने तो आणून माझ्या हातात दिला.

जिवंत.

सव्वा किलोचं ऊबदार पाखरू माझ्या दोन हातांत होतं. तोंड लालभडक, डोळा पिवळा, त्यात ओळखीचा भाव नाही. पायाला मागे आर असते, ती माझ्या मनगटात रुतली तेव्हा त्याची गुंगी उतरल्याचं कळलं. काका म्हणाले सोडू नकोस, परीक्षक म्हणाले दाबू नकोस, आणि पॅडची पानं उलटू लागले. नियमात 'कुत्र्याने आणून हातात दिल्यास' असं होतं. 'पाडून' हा शब्द आधीच्या ओळीत होता. दोन ओळी एकत्र वाचायच्या की वेगवेगळ्या, यावर काका आणि परीक्षक यांची जी जुंपली ती आपल्या तहसील कचेरीत शोभली असती. मी मधे कोंबडा धरून उभा. अखेर शून्य गुण ठरले आणि मला पाखरू सोडून द्यायला सांगितलं. मी हात उघडले. ते उडेल असं सगळ्यांना वाटलं. ते खाली उतरलं, अंग झाडलं आणि घाई न करता ज्वारीत चालत निघून गेलं.

पहिल्या आल्या त्या सॉसेजवाल्या आजी. तीन पाखरं, तीन काडतुसं, आणि निम्मा वेळ शिल्लक. बक्षीस म्हणून डीप फ्रीझर मिळाला. तो उचलायला आम्हालाच बोलावलं.

परतताना पिकअपमध्ये काका चालवत होते, मी खिडकीशी आणि रूबी मधे, चिखलासकट. काकूंचा फोन आला. काकांनी स्पीकरवर घेतला.

"कसं झालं?"

"काय सांगू," काका म्हणाले, "कुत्री आज रंगातच नव्हती. नाक चोंदलं असेल."

रूबी सीटवर उभी राहिली. नाकाच्या टोकापासून शेपटीपर्यंत एकदा, दोनदा, तीनदा, पुरतं अंग झाडलं. काच, फोन, नवा चष्मा, काकांचं उघडं तोंड, सगळं दलदलीत गेलं.

"काय झालं? कसला आवाज?" काकू विचारत होत्या.

काकांना बोलता येण्याजोगं नव्हतं. मी सांगितलं, "काकू, नाक मोकळं झालं."